लेलेबाईंची लिंबं

शाळेत तीस वर्षं घंटा वाजवली, वर्गात मात्र कधी बसलो नाही. पण लेलेबाईंच्या नदीसहलीला दोर, काठी अन् पिशवी घेऊन दरवर्षी मीच जायचो. असे किस्से साठवावे लागत नाहीत, आपसूक साठतात. कुणी चहाला बसवलं की बाहेर पडतात!

*

बाई भूगोलाच्या. मुठा नदीचा वेग मोजायला पाण्यात लिंबू सोडायच्या. काठाने दहा मीटर दोर ताणायचा, लिंबाला किती सेकंद लागतात ते बघायचं. लिंबं मंडईतून मी आणायचो, सगळी एका मापाची.

भाजीवाली म्हणाली, "मामा, एवढी पारख? कुणाला द्यायचीत?"

"नदीला."

"मग शिळी चालतील की! तिला काय कळतंय?"

बाईंना सांगितलं. म्हणाल्या, "नदीला नसेल कळत, मला कळतं."

*

वारज्याजवळ एका गटाचं लिंबू उलटं निघालं, थेट वरच्या धरणाच्या दिशेने! मुलांनी वहीत लिहिलं, 'नदी धरणाकडे वाहते.' बाकीचे खो खो हसले. बाईंनी खोडलं नाही.

"दिसलं ते लिहिलंय. आता कारण शोधा."

काठाशी पाणी उलटं फिरतं, हे पोरांनी तासभर उन्हात बसून शोधलं. मीही तेव्हाच शिकलो.

*

"मामा, पूर कुठवर येतो?" बाईंनी विचारलं. मी काठावरच्या आमच्या मारुतीच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीवर हात ठेवला. मुलांनी उंची मोजली, अन् माहिती कुणी दिली ते कळावं म्हणून बाईंनी माझं पूर्ण नाव लिहायला लावलं. पुढे 'श्री.' लावून!

*

मग कॉम्प्युटर आले. कंपनीतले एक पालक म्हणाले, "मॅडम, नदी आता स्क्रीनवर दिसते."

"वास येतो का हो?"

पालक हसून निघाले. पण नवे मुख्याध्यापक त्यांच्याच बाजूचे. म्हणाले, "सहलीऐवजी लॅब ठेवू. यंदा मी स्वतः येऊन बघतो, मग ठरवतो." बाईंचा चेहरा उतरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

*

सर आले, कडक इस्त्रीत. वही धरलेल्या मुलीला विचारलं, "खोली किती गं?"

तिने काठीच पुढे केली. "मोजा ना सर. ऐकीव आकडा बाई चालवून घेत नाहीत."

सरांनी बूट माझ्याकडे दिले, पँट दुमडली, पाण्यात उतरले. ओरडले, "गुडघाभर!"

"गुडघा प्रत्येकाचा वेगळा, सर. सेंटिमीटर सांगा," काठावरून बाई म्हणाल्या.

सर वाकले. काठी नीट टेकवली.

"सत्तेचाळीस."

मुलीने लिहून घेतलं.

पुढच्या वर्षी मंडईत मला सरांनीच पाठवलं. "मामा, एक लिंबू जास्तीचं आणा. माझं."