मल्लय्या आन बिनकार्डाची शिम

मल्लय्याच्या हातात कुनाचाबी फोन दिला, की त्यो आदी त्यावरनं अंगठा फिरवायचा. एकदा उभा, एकदा आडवा. कापडाचा पोत बघत्यात तसा. बिघाड काय झाला, ते मागनं इचारायचा. तीस वर्सं त्यानं मागावर टावेलं इनली. माग भंगारात गेले तवा ह्यो पन्नाशीतला गडी मोबाईलची दुरुस्ती शिकायला बसला. लोक हसले. मल्लय्या म्हनला, "हसा की बे. तार तितंबी व्हती, तार हितंबी हाय. तुटली की जोडायची, एवडंच."

त्याचं दुकान आमच्या बोळाच्या तोंडाला. घरात तेलगू बोलायचा, गिऱ्हाइकासंगं मराठी, आन फोन उघडत नसला की दोन्ही भाषेत शिव्या. मला अक्का म्हनायचा. माझी शाळा दुसरीपतुर. मोहोळकडच्या खेड्यात नवरा गेला, तवा लेक काखंत घिऊन मी सोलापूरला आले आन टावेलाच्या कारखान्यात काठ शिवत बसले. एक येळ जेवून दिस काडले. निगाले ते दिस, त्येचं काय सांगायचं. ती काखंतली सुनंदा नर्स झाली आन नवऱ्यासंगं जर्मनीला गेली. सात वर्सांनी तिला दिस गेले. सासू न्हाय, नणंद न्हाय. बाळंतपनाला आईच पायजे म्हनली.

मला एकटीला जायाचं व्हतं. मधी दोह्याला उतरायचं, तितनं दुसरं इमान. मला विंग्रजी येत न्हाय, एस्टीची पाटीसुदीक मी अक्षरं जुळवून वाचते. सुनंदा फोनवर म्हनली, "आई, उतरल्या उतरल्या तुझा फोन चालू पायजे. कोन कुटं उभं ऱ्हानार ते तुला कळायला पायजे. ई-सिम घेऊन ठेव."

मला ऐकू आलं, 'ही शीम'. आमच्याकडं शीम म्हंजे गावची हद्द. दसऱ्याला मान्सं शिलंगन करत्यात, शीम ओलांडून आपट्याची पानं आनत्यात, ती. मी मल्लय्याकडं गेले आन म्हनले, "अरं, पोरगी म्हनतीय शीम घे. शीम कुटं इकत मिळती?"

मल्लय्या डोळ्यात पानी यीस्तवर हसला. मग म्हनला, "चुकलं न्हाय वो अक्का तुमचं. शीम ओलांडायची म्हंजे शिम पायजेच की."

पर त्यालाबी त्यातलं म्हाईत नव्हतं. दुसरा कोन असता तर थापा मारल्या असत्या. मोठ्या रस्त्यावरच्या काचंच्या दुकानात मी आदी गेलेच व्हते. तितल्यानं माझ्या लुगड्याकडं बघितलं आन म्हनला, "मावशी, तिकडं जाऊनच घ्या." मल्लय्या म्हनला, "अक्का, हे मला येत न्हाय. चार दिस द्या, येईल." चार दिस त्यो चष्मा कपाळावर सारून मोबाईलवर वाचत बसला. मस्कतच्या भाचीला धा फोन केले. पाचव्या दिशी सकाळीच बोळातनं वरडला, "अक्का, या! तुमचं इमान हलतंय!"

सुनंदानं धाडलेला फोन त्यानं घेतला. अंगठा फिरवला, उभा, आडवा. मग चांदनी, जाळी, शून्य, सहा, जाळी असं दाबलं. पडद्यावर आकड्यांची लांबच्या लांब रांग आली. मल्लय्या खुर्चीतनं उठलाच. "हाय! ह्याच्या पोटातच शिम हाय. वरनं कार्ड घालायची गरजच न्हाय. कंपनी एक कागद देती, त्यो ह्याला दाखवायचा, झालं."

"मग घे की कागद."

"असं कसं? सूत न बघता ताणा लावत्यात व्हय?" त्यानं तीन कंपन्या काडून ठेवल्या व्हत्या. "ही पयली लई सस्त. पर नुसती जर्मनीची. दोह्यात तुमी मुक्या. आन गडबड झाली तर मधीच व्हनार की वो! ही दुसरी, दोन्ही मुलखात चालती, पर आज घेतली की आजपासनंच दिस मोजती. तुमी सोलापुरात भाकरी थापताय आन तिचे दिस सरतेत. ही तिसरी बघा. दोन्हीकडं चालती, आन तितल्या टावरला हात लावल्यावरच दिस सुरू."

मी इचारलं, "नवा नंबर मिळतो का?"

"न्हाय. नुसतं नेट. हिरव्या चित्रावर बोलायला तेवडं बास. आन जुनं कार्ड काडू नका. ब्यांकेचे आकडे त्याच्यावर येत्यात. ते आपलं निजवून ठेवायचं."

सुनंदानं तिकडनंच ती तिसरी घेतली, कागद मल्लय्याला धाडला, त्यानं छापून माझ्या हातात दिला. काळ्या ठिपक्यांचा चौकोन, रांगोळीसारका. म्हनला, "जपून ठेवा. निगायच्या दिशी मी लावून देतो."

मी लई जपला. घरी आले, खंडोबाच्या फोटोम्होरं ठेवला, आन नवी वस्तू घरात आली की करत्यात तसं पाच बोटानं हळद-कुंकू लावलं.

निगायच्या दिशी दुपारी मुंबईची गाडी. सकाळी दुकानात गेले. मल्लय्यानं घडी उघडली आन कागदाकडं बघतच ऱ्हायला. "अक्का, हे काय केलं वो?"

"पुजा केली. का?"

"अय्यो! ह्यो एकेक ठिपका म्हंजे अक्षर हाय. तुमी त्याला मळवट भरला की वो! आता ह्याला वाचता कसं येईल?"

फडक्यानं पुसलं तर लालपिवळा चिखल झाला. फोन कागदाकडं बघायचा, बघायचा, आन गप बसायचा. मल्लय्या स्वतःच्या फोनात सुनंदाचं धाडलेलं हुडकाया लागला, तर ते सापडंना. जागा भरली म्हनून त्यानं आदल्या दिशीच सगळं पुसून टाकलं व्हतं. सुनंदा फोन उचलंना. नवरा गेला तवाबी मी खाली बसले नव्हते, त्या दिशी दुकानाच्या पायरीवर बसले. वाटलं, सात वर्सांनी पोरीला दिस गेले, आन मी हळदीच्या बोटानं वाट बुजवली.

मल्लय्या उठला. शटर अर्दं वडलं, गिऱ्हाईक परत धाडलं, आन दर पाच मिंटाला सुनंदाला फोन लावत बसला. मी रडाया लागले तवा एवडंच म्हनला, "माग बंद पडला म्हनून कापड फाटत न्हाय, अक्का. तार कुटं तुटली ते कळलंय. टोक सापडायला येळ लागतोय, एवडंच." दीड तासानं सुनंदा उठली. तिकडं तवा पहाट व्हती, ते आमच्या कुनाच्या ध्यानातच आलं नव्हतं! तिनं परत धाडलं. मल्लय्यानं आपला फोन माझ्या फोनाम्होरं आरशासारका धरला. "हे एकदाच लागतंय. श्वास घिऊ नका."

मी खरंच घेतला न्हाय. चौकोन उजळला, चाक फिरलं, फिरलं, आन मल्लय्या एवड्या मोठ्यांदा "लागली!" म्हनून वरडला, की समोरचा चहावाला किटली घिऊन पळत आला. मग त्यानं माझ्याकडनं घोकून घेतलं. उतरल्यावर कुटली वळ, कुटली पट्टी उजवीकडं सारायची. एकवीस येळा. शेवटी म्हनला, "आता डोळं झाकून करा." मी डोळं झाकून केलं.

दोह्याला उतरले. चकचकीत फरशी, मान्संच मान्सं, एकबी वळकीचं न्हाय. खांबाला टेकले, ती वळ काडली, पट्टी सारली. रेंजच्या दांड्या उठल्या. एक, दोन, चार! आन फोन टिनटिन टिनटिन कराया लागला. जावयाचा आवाज व्हता: "आई, सुनंदाला कळा सुरू झाल्यात. आमी दवाखान्यात हाय. मी इमानतळावर येत न्हाय. आमची शेजारीन येईल, तिचा फोटो धाडलाय. तिच्यासंगंच या, घाबरू नका." फोटोत भुऱ्या केसांची बाई हसत व्हती. म्हंजे मुकी ऱ्हायले असते, तर मी जर्मनीत उतरून दिसभर जावयालाच हुडकत बसले असते.

पुढचं इमान लागायला लई तास व्हते. मी बाकावर बसून फोनकडं बघत ऱ्हायले. आन तितंच, ते दुसरं इमान यायच्या आदी, पडद्यावर लालबुंद तोंड आलं. मुठी आवळलेल्या. नात! ती रडली ती मी दोह्यात ऐकली. शेजारच्या बुरखेवाल्या बाईला मी फोन दाखवला. तिला माझं कळत न्हाय, मला तिचं न्हाय. दोगी हसलो.

मग मल्लय्याला लावला. बाळाचं इचारायच्या आदी म्हनला, "दांड्या किती?"

"चार."

"चार!" म्हनून त्यानं सगळ्या बोळाला सांगितलं. मग इचारलं, "पोरगा का पोरगी?" पोरगी म्हनल्यावर "लक्ष्मी!" म्हनला आन चष्मा काडून पुसला.

मी तीन म्हैन्यांनी माघारी आले, तवा मल्लय्या नव्हता. दुकानातच खुर्चीवर बसल्या बसल्या गेला, म्हनत्यात. म्हनून त्या दिशी दोह्यात पडद्यावर दिसलेलं त्याचं तोंडच माझ्यापाशी ऱ्हायलंय. इमानाची हाळी झाली, मी म्हनले, "ठेवते रं बाबा, बोलावत्यात." तर त्यो म्हनला, "अक्का, येक मिंट. मी पुन्याच्या पल्याड कदी गेलो न्हाय वो. जरा फोन फिरवा की. इमानं दाखवा."

मी काचंपाशी गेले आन फोन फिरवला.

"हळू, अक्का, हळू," मल्लय्या म्हनला. "एकेक बघू द्या."