तिनं काही बिघडवलं नव्हतं

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी मेहकरला घरी आले, तेव्हा आमच्या जुन्या शाळेत दोन कॉम्प्युटर आलेले होते. येऊन वर्ष झालं होतं, पण चालवायचे कसे हे कोणालाच माहीत नसल्यामुळे ते फडक्याखाली, कुलपात पडून होते. गल्लीत टेलिफोन खात्यात नोकरी करणारे एक काका राहायचे. त्यांनी पुस्तकं मागवून प्रोग्रॅम लिहिण्याचं तंत्र एकट्यानंच शिकून घेतलं होतं. आम्ही दोघं हेडमास्तरांकडे गेलो आणि म्हणालो, सुट्टीत महिनाभर पोरांना शिकवतो, फुकट.

हेडमास्तर बराच वेळ किल्ली हातात फिरवत राहिले. "शिकवा," ते म्हणाले. "पण एक जरी बिघडला, तर वर उत्तर मले द्या लागते."

वर्ग सकाळी सातला भरायचा, उन्हं तापायच्या आत. प्रोग्रॅम आधी वहीत लिहायचा, आम्ही तपासायचा, मगच की-बोर्डाला हात लावायचा, असा काकांचा नियम होता. मुलांमध्ये नववीत गेलेली एक मुलगी होती. दुसरबीडच्या एका शिंप्याची लेक, सुट्टीपुरती फुफीकडे, म्हणजे आत्याकडे, राहायला आलेली. बोलायची कमी. वहीच्या कडेला बारीक अक्षरात प्रश्न लिहून ठेवायची आणि वर्ग सुटल्यावर हळूच वही माझ्यापुढे सरकवायची.

दुसऱ्या आठवड्यात एक दिवस काकांची सकाळची ड्यूटी आली, म्हणून मी एकटीच होते. पोरांचा गलका चालला होता. मी वही न तपासताच तिला बसू दिलं. तिनं स्वतःचं नाव छापायचा प्रोग्रॅम लिहिला होता, पण थांब म्हणून कुठं सांगितलंच नव्हतं. नाव पडद्यावरून धावत सुटलं. पोरं हसायला लागली, ती पण हसली. आणि तेवढ्यात पडदा काळा झाला. बटण दाबून पाहिलं, वायर हलवून पाहिली, काही नाही. दुसरा कॉम्प्युटर मात्र चालूच होता.

आवाज थांबला तसे हेडमास्तर दारात आले. "काय झालं?"

मी म्हणाले, "सर, या मुलीनं काहीतरी दाबलं."

ती माझ्या शेजारीच उभी होती. तिनं वही उचलली आणि खाली मान घालून निघून गेली. मी हाक मारली नाही.

दुपारी काका आले. त्यांनी कॉम्प्युटरला हातसुद्धा लावला नाही. टेबलाखालचा त्याचा वेगळा स्टॅबिलायझर ओढून काढला, मागचं झाकण उघडलं आणि जळालेला फ्यूज माझ्या तळहातावर ठेवला. "व्होल्टेज वाढलं असंल. दुसरं काई नाही, पोरी." नवा फ्यूज टाकल्यावर पडदा उजळला आणि मी तिथंच बाकावर बसले. जीव भांड्यात पडला खरा, पण पुरता नाही.

मी तिच्या फुफीकडे गेले. "ते गेली ना दुसरबीडले, दुपारच्या एसटीनं," फुफी म्हणाली. "लय रडत होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तरांना सगळं खरं सांगितलं. वही मी तपासली नव्हती, आणि दोष मी तिच्यावर ढकलला. मला वाटलं, आता वर्ग बंद होणार. "मंग जा, घेऊन या तिले," ते म्हणाले. "तवर तुमचे काका शिकवतीन, मी मागं बसतो."

दुसरबीडला रस्त्यालगतच तिच्या अब्बांचं दुकान होतं. ते मशीनवर बसले होते. मी शाळेतून आले म्हटल्यावर उठून उभे राहिले आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "मॅडम, पोरीच्या हातून चूक झाली. कॉम्प्युटर म्या पाह्यला नाही, पण शिलाई मशीन मी खोलून दुरुस्त करतो. येऊन पाहू का?"

मी म्हणाले, "तिनं काही बिघडवलं नाही, चाचा. फ्यूज गेला होता. चूक माझी झाली, मी तिचं नाव घेतलं."

ती पडद्यामागं उभी राहून ऐकत होती. बाहेर आली, पण माझ्याकडे न बघता विचारलं, "मंग माझा प्रोग्रॅम काऊन थांबत नव्हता?"

"तो चुकला होता. पण प्रोग्रॅम चुकल्यानं कॉम्प्युटर बिघडत नाही. कितीही चुकव."

"कितीही?"

"हाव."

तिनं वही आणली. ग्राहकांच्या बाकावर बसून तिनंच दोन ओळी वाढवल्या: एकेक मोज, दहा झाले की थांब. अब्बा पायडल थांबवून बघत होते. "म्हणजे याले मोजाले सांगितलं, तवाच हे थांबते?" त्यांनी विचारलं. तिनं त्यांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. दुपारच्या एसटीत आम्ही दोघी शेजारी बसलो. तिकिटं काढली आणि मला झोप लागली, आदल्या रात्री डोळ्याला डोळा नव्हता. मेहकर आलं तेव्हा तिनंच मला उठवलं. "ताई, उतरा," ती म्हणाली, आणि माझी पिशवी घेऊन पुढं चालू लागली.