एका तुकड्यासाठी चांदवड, पेठ, सुरगाणा

या ब्लॉगवर तुम्ही मिसळ, किल्ले आणि घाटातले खड्डे वाचायला येता. या वेळी मिसळ आहे, खड्डे तर आहेतच, किल्ला मात्र नाही. आणि आम्ही गेलो कशासाठी ते आधी सांगावं लागेल, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

माझा दादा बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारायचा. एका ट्रॅक्टरवरून दुसऱ्या ट्रॅक्टरकडे, मागे व्यापाऱ्यांचा घोळका, आणि त्या सगळ्या गोंगाटावर दादाचा आवाज. गेल्या वर्षी घशाच्या कॅन्सरमुळे त्याचं स्वरयंत्र काढलं. आता तो गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेतो, त्यावर पातळ रुमाल बांधतो, आणि बोलत नाही. फोनवर टाइप केलं की फोन बोलून दाखवतो, पण कुठल्याशा सूचना देणाऱ्या बाईच्या आवाजात. दादाने एकदा ते वापरलं, घरातली पोरं फिसकन हसली, आणि त्याने ते ॲप काढून टाकलं. तेव्हापासून तो लिहितो आणि स्क्रीन तुमच्या नाकासमोर धरतो.

ऑपरेशनच्या आधी आम्ही त्याचा आवाज रेकॉर्ड केला होता. माझ्या स्वयंपाकघरात, पंखा बंद, फ्रिज बंद, रोज संध्याकाळी थोडा थोडा. स्पीच थेरपिस्ट बाईंनी दिलेली वाक्यं वाचून कंटाळला की तो लिलाव पुकारायचा, मला शिव्या घालायचा, वहिनीला हाका मारायचा. मागच्या आठवड्यात त्याच बाई म्हणाल्या, "ते रेकॉर्डिंग घेऊन या. आता त्यावरून फोनला तुमच्या आवाजात बोलायला शिकवता येतं." दादा घरी येईपर्यंत गाडीत हसत होता. वर्षभरात पहिल्यांदा.

आता रेकॉर्डिंग कुठे होतं ते ऐका. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. मला नि माझ्या ग्रुपला ब्लॉकचेनवरच्या साठवणुकीचं भारी वेड. कंपनी नाही, मालक नाही. फाइल कुलूपबंद करायची, तिचे पाच तुकडे पाच घरांतल्या पाच डब्यांत ठेवायचे. डबा म्हणजे आत एक हार्डडिस्क आणि वर एक हिरवा दिवा, बस. पाचांतले कुठलेही तीन हजर असले की फाइल अख्खी परत. कुठला तुकडा कुणाकडे, कुणाचा करार कधीपर्यंत, याची नोंद जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरांवर, कुणाच्या बापाला खोडता येणार नाही अशी. दादा म्हणाला होता, "कुठल्या कंपनीला माझा आवाज देणार नाही." मग काय, मला स्फुरणच चढलं. लॅपटॉप बदलला तेव्हा मी मूळ फाइलची कॉपीसुद्धा ठेवली नाही. पेनड्राइव्ह वापरायची लाज वाटायची मला!

वर्षभरात त्या जाळ्याने खूप प्रगती केली. नवी आवृत्ती आली, वेग वाढला, संपलेल्या करारांचा माल डब्यांतून आपोआप साफ व्हायला लागला. ग्रुपवर आम्ही टाळ्यांचे इमोजी टाकत होतो. आणि खाली डबे एकेक करून बंद पडत होते, ते कुणीच पाहिलं नाही, मीही नाही. बाईंकडून आल्यावर मी स्क्रीन उघडली. फाइलचं नाव बरोबर, आकार बरोबर, मालक म्हणून दादाचं नाव. उपलब्ध तुकडे: दोन. एक माझ्या घरचा, एक मालेगावच्या रफिकभाईंकडचा. रफिकभाईंचे यंत्रमाग आहेत. तिकडे लाईट गेली की ते आधी डबा इन्व्हर्टरवर घेतात, मग पंखा. चांदवड, पेठ आणि सुरगाण्याचे डबे मेले होते. फोन केले तर "बघतो, ताई" आणि नंतर चिडीचूप. हवा होता फक्त एक तुकडा. शनिवारी सकाळी दादाला गाडीत घातलं आणि निघाले.

नाशिक ते चांदवड रस्ता झकास, तक्रार नाही. ओझर सोडलं की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, पिंपळगावला टोल. त्याच्या अलीकडे मिसळ खाल्ली. तर्री जहाल, पाव ताजा, जानेवारीच्या थंडीत आणखी काय पाहिजे. दादाला चहा फुंकता येत नाही, कारण श्वास तोंडातून जातच नाही. म्हणून तो बशीत ओतून थांबून राहतो. टेबल पुसणाऱ्याने घाई केली तेव्हा मी त्याच्यावर खेकसले. दादाने माझा हात दाबला.

चांदवडला रेणुकामातेचं देऊळ हायवेलगतच आहे, जाणाऱ्यांनी जरूर जा. आम्ही गाडीतूनच हात जोडले. डबा होता संजयकडे, दादाचा जुना दोस्त, कांद्याचा व्यापारी. त्याच्या कांद्याच्या चाळीसमोर ट्रॅक्टर लागले होते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने दादाला ओळखलं आणि लांबूनच ओरडला, "अय भाऊ! आज काय फुटंल भाव?"

दादा हसला, हात हलवला.

"बोला की! आमच्यावर रुसले का काय?"

संजयने म्हाताऱ्याला बाजूला घेऊन कानात काहीतरी सांगितलं. म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि दादाचा हात दोन्ही हातांत धरून नुसता उभा राहिला. मला ते बघवेना. मी संजयला म्हटलं, "डबा कुठंय?"

डबा होता. आतली डिस्क नव्हती. "चाळीत चोऱ्या व्हायला लागल्या ताई, लय वैताग. कॅमेरे बसवले, त्याला डिस्क कमी पडली. मग ही पुसून लावली." माझं तोंड बघून तो पुढे म्हणाला, "तुम्हीच म्हणले व्हते ना, एखादा बंद पडला तरी काय बिघडत नाय?"

म्हणले होते. अगदी ह्याच शब्दांत, डबा बसवताना, तोऱ्यात.  संजयने जेवायचा आग्रह केला, शेवेची भाजी, भाकरी, ठेचा. दादा जेवला. मी ताटात रेघोट्या मारत बसले. त्या डिस्कमध्ये आता कांद्याच्या ढिगाचं रात्रंदिवस चित्रण चालू होतं. येताना दादाने लिहिलं, "अजून दोन आहेत. तोंड पाडू नको."

रविवारी पेठ. नाशिकहून निघताना टाकी भरून घ्या, पुढे पंपांचा भरवसा धरू नका. सावळघाट आणि मग कोटंबीचा घाट, वळणं अशी की जेवून निघालात तर पस्तावाल. रस्त्याचं काम चालू असल्याने धूळ. धूळ म्हणजे दादाच्या गळ्यातल्या भोकाची वैरीण. रुमाल ओला करून बांधला, काचा वर केल्या, तरी त्याला दोनदा खोकल्याची उबळ आली आणि मी गाडी कडेला घेतली. खोकल्याला सुद्धा आवाज नसतो हो. नुसती हवा. वर्ष झालं तरी मला त्याची सवय झालेली नाही आणि होणारही नाही.

पेठला डबा देवरामकडे, त्याचं झेरॉक्सचं दुकान. तो माझा विद्यार्थी. डबा फळीवर होता आणि पावसाळ्यात पत्रा नेमका तिथेच गळला होता. मी स्क्रू काढले तर आत गंजाचा लाल चिखल. देवराम मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, सांगणार होतो. पण तुम्ही वर्गातच शिकवलंवतं, एक गेला तर जाळं स्वतःला सावरतं. म्हटलं कशाला त्रास द्यायचा."

"एकच गेला असता तर सावरलं असतं रे," मी म्हटलं. तो आणखीनच खाली बघायला लागला. एवढा गुणी विद्यार्थी, वर्गात सांगितलेलं खरं धरून चालला. मी स्वतःवर चरफडले. एकजात सगळ्यांना मी सांगत सुटले होते की तुझा बंद पडला तरी चालेल, बाकीचे आहेत. आणि सगळ्यांनी माझं ऐकलं.

पेठहून सुरगाण्याला आम्ही बाऱ्ह्याकडून आतल्या रस्त्याने गेलो. अंतर नकाशावर कमी दिसतं, फसू नका. सागाची पानं गळलेली, भाताची रिकामी खाचरं, जीपमध्ये माणसं टपावरसुद्धा. बरीच घरं बंद होती, माणसं द्राक्षांच्या कामाला दिंडोरी, निफाडकडे उतरलेली. सुरगाण्याच्या अलीकडच्या पाड्यावर मंजुळाताई राहतात, अंगणवाडी सेविका. मुलं नि सून कामाला गेली होती, त्या एकट्याच होत्या.

डबा म्हटल्यावर त्या घरात गेल्या आणि फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन आल्या. फडक्यात प्लास्टिक, प्लास्टिकमध्ये डबा. धुळीचा कण नाही, गंज नाही. "पोरांचे मोबाइल लावाया जागा नव्हती, मंग काढून ठेवला. बाकीच्यांचं चालू असंल म्हटलं. पर जपला हाय, ताई. उंदीर नाय लागू दिला."

मी त्यांना मिठीच मारली. दादाने फोनवर लिहून त्यांना दाखवलं, "तुमचे उपकार." त्या लाजल्या आणि नागलीची भाकरी थापायला चुलीकडे वळल्या.

आणि इथे, वाचकहो, मी ती चूक केली. डिस्क काढायची, लॅपटॉपला लावायची, आधी कॉपी घ्यायची, मग दुसरं काहीही. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हेच शिकवते. पण दोन ठिकाणांहून हात हलवत निघालेली मी, मला तो हिरवा दिवा बघायचा होता. वायर लावली. लागला दिवा! दादाने टाळी वाजवली. रेंज फक्त शाळेच्या ओट्यावर, म्हणून लांब वायर ओढून डबा तिथे नेला, माझ्या फोनचं नेट दिलं आणि दादाला म्हटलं, "आता बघ, तीन होतील."

डबा जाळ्यात शिरला. जाळ्याने नोंद तपासली. हा डबा किती महिने गैरहजर, याचा करार संपलेला. स्क्रीनवर आलं, जुना माल साफ करत आहे. मी वाचलं, मला कळलं, मी वायर उपटली. पण एवढ्याशा तुकड्याला कितीसा वेळ लागतो? पुन्हा सुरू केला तेव्हा लिहिलं होतं, जागा मोकळी आहे. साफ झालेल्या तुकड्याच्या कुलपाची किल्लीही सोबतच टाकून देतात, म्हणजे कुणालाच परत काढता येऊ नये. ह्याच सोयीला मी टाळ्या वाजवल्या होत्या.

मी ओट्यावर बसून रडले. चांगली भोकाड पसरून रडले, लाज कसली. दादाला काय झालं ते सांगायची गरज पडली नाही. तो बराच वेळ त्या दिव्याकडे बघत होता, तो अजून हिरवाच होता. मग त्याने लिहिलं, "भाकरी गार होतेय. बाई वाट बघतायत." आम्ही गेलो, खाल्ली. मंजुळाताई विचारत होत्या, "झालं ना काम?" दादाने मान डोलावली, हो म्हणून. त्यांना आजही ते तसंच माहीत आहे, आणि तसंच राहू दे.

परतताना बोरगाव, वणी, दिंडोरी हा रस्ता घ्या, घाटातल्यापेक्षा बरा. बोरगावला रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरी मिळते, नाशिकपेक्षा स्वस्त आणि ताजी. दादाने वहिनीसाठी दोन डबे घेतले.  

वहिनी दारातच होती. आमच्याकडे बघून तिला कळलं. तिने स्ट्रॉबेरी धुतल्या, वाटीत घातल्या आणि म्हणाली, "मला नावाने हाक मारायचे ते तरी होतं का रे देवा त्यात?" होतं. पुष्कळ होतं. मी मान हलवली आणि ती आत निघून गेली. सोमवारी मी पाड्यावरून सोबत आणलेली ती डिस्क नाशिकमधल्या दोन दुकानांत दाखवली. दोघांनीही हात वर केले.

तुमच्यापैकी कुणी आईचा, बापाचा, कुणाचाही आवाज असा जपून ठेवला असेल, तर आज उठा आणि एक कॉपी साध्या पेनड्राइव्हवर काढा. कपाटात टाका. एवढंच मला सांगता येतं. ह्या प्रवासातलं माझ्याकडे काय उरलं म्हणाल तर दोन तुकडे उरलेत, एक आमच्या हॉलमध्ये, एक मालेगावला. दोघांवर मिळून दादाचा एक शब्दसुद्धा ऐकू येत नाही. साखळीत नोंद मात्र आहेच. फाइल, आकार, मालक.

काल रफिकभाईंचा फोन आला, मागे मागांचा खडखडाट. "मॅडम, मिला क्या?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मैंने तो एक दिन बंद नहीं किया था."

"माहितीये, रफिकभाई."

"तो अब? चालू रखूं?"

मी दादाकडे बघितलं. त्याने लिहिलं, "बंद करू दे. लाईटबिल कशाला त्यांना." आणि उठून आमच्या डब्याची पिन त्याने स्वतः काढली.

मी रफिकभाईंना सांगितलं. त्यांना ते पटेना. "नहीं मॅडम, ऐसे नहीं. भाईसाब की चीज है, उनको फोन दो." मी दिला. दादाने फोन कानाला लावला. रफिकभाईंना सगळं ठाऊक होतं, पण त्या घडीला विसरले बिचारे. फोनमधून मला ऐकू येत होतं, "भाईसाब, बंद करता हूं. एक बार आप अपने मुंह से हां बोल दो, बस."

दादाचे ओठ हलले. हो, म्हणाला तो. मी बघितलं.

"हॅलो?" रफिकभाई म्हणाले. "भाईसाब? हॅलो?"

मी फोन घेतला आणि सांगितलं, "हो म्हणतोय तो."