आप्पांची पसंती

आप्पांकडे कुत्रं मागायला गेलं की ते आधी मागणाऱ्याचं घर बघायला निघायचे. कुत्रं दाखवायचं नंतर, तेही मनात आलं तर. शिरूर-दौंडच्या पट्ट्यात कारवानी कुत्र्यांचे जाणकार म्हणून त्यांना सगळे ओळखत. उंच, सडपातळ, सशामागे सुटावी अशी ही शिकारी जात. आता शिकारीला बंदी. पण पिकात घुसणारी डुकरं कुठं थांबतात? त्यामुळे आप्पांच्या ओट्यावर कुणी ना कुणी बसलेलं असायचंच.

येणाऱ्या प्रत्येकाला डुकरं हाकलणारं, चोराला धरणारं, लेकरांना जपणारं आणि शिवाय फोटोत रुबाबदार दिसणारं, असं एकच कुत्रं हवं असायचं. "आरं, आसलं कुत्रं आसतं तर त्याला सरपंच नसता केला का आपण?" आप्पा म्हणायचे.

कारेगावात दोन खोल्यांत राहणारा एक सुपरवायझर एकदा कारवानीच पाहिजे म्हणून हटून बसला. आप्पांनी त्याच्या पोटाकडे पाहिलं. "ह्याला रोज पळवाय लागतंय. पळशील?"

"बाईकवर बसून पळवीन की, आप्पा."

"मग बाईकच पाळ. ती चावत न्हाई."

त्यांचं सगळंच बरोबर यायचं असं मात्र नाही. दौंडच्या मेहुण्याला त्यांनी हौसेनं एक तेज कुत्रा दिला आणि महिन्याभरात मेहुण्याच्या अंगणात कोंबडी औषधालाही उरली नाही. "कोंबड्यांनी पळायचंच कशाला?" हे त्यांचं उत्तर ऐकून आप्पांच्या बायकोनं कपाळाला हात लावला. माहेरी गेलं की आजही तिला त्या कोंबड्या ऐकाव्या लागतात.

मी स्वतः त्यांच्या मागे कितीतरी दिवस होतो. डुकरं आमचा भुईमूग उकरून टाकत होती, आणि मला आप्पांच्या राणीचंच पिल्लू हवं होतं. राणी म्हणजे त्यांची लाडकी कुत्री, दुधासारखी पांढरी. आप्पा दाद देईनात. "तू रांजणगावला कंपनीत शिफ्टला जाणार, आन् घरी आला की झोपणार. रानात आसतंय कोन? सूनबाई. मग मागाय तू कशाला आलास?"

दुसऱ्या दिवशी ते आमच्या रानात आले आणि माझ्या बायकोला, सुनीताला म्हणाले, "सूनबाई, म्हशीला हाक मारा बरं."

सुनीता लाजली, पण मारली. पलीकडच्या वस्तीवरच्या म्हशीनंसुद्धा मान वर केली. आप्पा खूश. "ह्या आवाजाला कुत्रं आल्याबिगर ऱ्हायचं न्हाई."

त्यांनी आणून दिलं ते पिल्लू तांबूस, एक कान पडलेलं. आई कारवानी, बाप गावातलाच कुणीतरी. माझा चेहरा पाहून आप्पा म्हणाले, "राणीसारखी अस्सल जात सुटली की सुटली, उसात बिबट्या हाय का काय, बघत न्हाई. ह्ये कडंला थांबून भुंकंल. तुमच्या घराला ह्येच बरं." आम्ही त्याचं नाव बंड्या ठेवलं.

पुढच्या हिवाळ्यात, दिवस मावळायच्या सुमाराला, सुनीता पाणी दुसऱ्या सरीत वळवायला बांधावरून निघाली होती. उसाच्या कडेला बंड्या एकदम तिला आडवा आला. केस ताठ, आवाज वेगळाच. ती पुढं सरकली की तो तिच्या पायांत यायचा. ती थांबली, आणि पुढच्याच सरीतून बिबट्या बाहेर पडून पाण्याची चारी ओलांडून गेला.

त्याच आठवड्यात राणी उसात शिरली. आप्पा हाका मारत राहिले. ती परत आली नाही.

मी भेटायला गेलो तर ओट्यावर एकटेच बसलेले. आप्पाच म्हणाले, "समद्यांला बघून, पारखून दिली. माझी मातर मी नुसती आवडली म्हनून ठिवली." मग म्हणाले, "आन् परत ठिवायची म्हनलं तर तशीच ठिवीन."

त्यानंतर कुणी कुत्रं मागायला आलं की ते हात जोडून वाटेला लावायचे. मग दुपारी बंड्या घरातून गायब होऊ लागला. सुनीता शोधत गेली, तर तो आप्पांच्या मांडीवर डोकं टाकून झोपलेला. आप्पा गडबडले. "मी बोलावलं न्हाई हां, सूनबाई. त्येच आलंय." दुसऱ्या दिवसापासून सुनीता त्याची दुपारची भाकरी तिकडेच पोचवू लागली. बंड्या दिवस मावळायच्या आत तिच्याजवळ हजर व्हायचा.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलानं आप्पांना पुण्याला नेलं. पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट, सोसायटीत कुत्र्यांना बंदी. आठवड्यातून एकदा त्यांचा फोन येतो. माझी शिफ्ट, पाऊस, भुईमुगाचा भाव, सगळं दोन वाक्यांत उरकतात आणि मग विचारतात, "त्यो हाय का जवळ?"

सुरुवातीला आम्ही स्पीकर लावायचो. एकदा आप्पांचा आवाज मधेच भरून आला, तेव्हापासून सुनीता स्पीकर बंद करते, फोन बंड्याच्या पडलेल्या कानाला लावून धरते आणि मला खुणेनं बाहेर जायला सांगते.