आतड्याचे अस्तर आणि पितळी गिलास

डॉक्टरांनी नळी बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवली आणि सांगितले, "ही आव नाही."

नागपूरच्या एका मोठ्या इस्पितळातली ती तपासणीची खोली होती. मी गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडलो होतो. नळीच्या टोकाला रक्त आणि शेंबडासारखे काहीतरी लागले होते. त्याचा वास सगळ्या खोलीत पसरला होता, आणि तो माझा होता.

तपासणीचे नाव सिग्मॉइडोस्कोपी. गुदद्वारातून धातूची सरळ नळी घालतात आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग दिव्याने पाहतात. आजाराचे नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला आलेली सूज आणि त्यावरचे व्रण. ज्यांना पुढेमागे हे नाव ऐकावे लागेल त्यांच्यासाठी लिहितो आहे. यात घाण आहे. ती वगळली तर आजाराबद्दल सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

हे सत्तरच्या दशकातले. मध्य प्रदेशातल्या बालाघाटहून मी एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. जंगल खात्याच्या लिलावाच्या बातमीसाठी बैहरला जात असताना बसमध्ये पोटात कळ आली. बस थांबवून झाडामागे बसलो. नुसते रक्त पडले. परत चढलो तेव्हा कंडक्टर म्हणाला, "बाबूजी, महुआ ज़रा कम पिया करो." लोक हसले. मी दारूला शिवत नाही, पण खरे कारण सांगण्यापेक्षा ते बरे होते. मीही हसलो.

त्यानंतर परसातला संडास हेच माझे ठिकाण झाले. माझे कपडे मी कोणी उठायच्या आत स्वतः धूत असे. जेवायला बसलो की तोच वास नाकात येई. वरणाचा रंग पाहवत नसे. गावातल्या डॉक्टरांनी आव समजून गोळ्या दिल्या. शेजाऱ्यांनी बेलाचा मुरंबा आणून दिला. दोन्ही घेत राहिलो आणि वाळत गेलो. आव लागते, भांडी वेगळी ठेवा, असे डॉक्टरांनी मायला बजावले होते.

मायने माझे ताट वेगळे काढले. गिलास मात्र तिने बाबांचा जुना पितळी काढला. तसा घरात एकच होता. चुकूनही तो दुसऱ्या भांड्यांत मिसळला नसता.

बाबा तिरोडीच्या मँगनीज खाणीत कामाला होते. तिथल्या चहाच्या दुकानात आमच्या लोकांचे कप बाहेर, वळचणीला ठेवलेले असत. बौद्ध झाल्यावर बाबांनी त्या कपाला हात लावला नाही. दुकानाचा चहाच सोडला. घरून हा गिलास न्यायचे आणि त्यातून नळाचे पाणी प्यायचे.

त्याच गिलासात माय मला पाणी वरून ओतू लागली, तांब्या त्याला लागू न देता. तिचे एक लेकरू खाणीच्या चाळीत कॉलऱ्याने गेले होते, त्यामुळे तिच्या भीतीला कारण होते. मला तिचा राग आला नाही. किळस आली. ती रक्ताची, त्या धारेची की स्वतःची, हे ठरवता येत नव्हते. बाबांनी एकदा ते ओतणे पाहिले आणि ताटावरून उठून अंगणात जाऊन बसले. आजार खरेच लागणारा असता तर माय बरोबर ठरली असती.

ते एकदा नक्की कळावे म्हणून नागपूरला बाबा सोबत आले. बायोप्सी झाली, म्हणजे अस्तराचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. अहवाल येईतोवर वॉर्डात थांबायचे होते. बेडपॅनवर माशा बसत. त्याच माशा उठून शेजारच्या खाटेवरच्या मोसंबीवर जात. मी भिंतीकडे तोंड करून पडून राही.

अहवाल आल्यावर डॉक्टरांनी आम्हाला खुर्चीवर बसवून समजावले. "आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं. जुन्या पेशी ठरल्याप्रमाणे आपणहून मरतात आणि गळतात. हल्ली याला प्रोग्रॅम्ड सेल डेथ म्हणतात, म्हणजे शरीरानेच ठरवलेलं पेशीचं मरण. ते झालं नाही तर माणूस जगणार नाही. पण इथे नव्या पेशी भरून येण्याआधीच जुन्या मरताहेत. अस्तर विरळ होतं, मग आतली घाण त्यात शिरते, सूज वाढते आणि आणखी पेशी मरतात."

असे कशाने होते, हे मी विचारले. नक्की कोणालाच ठाऊक नाही, असे ते म्हणाले.

बाबांना दुसरेच विचारायचे होते. "साहेब, हे दुसऱ्याले लागते का?"

"नाही. तपासणीत आवेचा जंतू सापडला नाही. हा आजार एका ताटात जेवलं तरी लागत नाही."

"एका गिलासानं?"

"नाही."

 औषधांचे मीच विचारून घेतले. सूज दाबायला स्टेरॉइड, जोडीला सल्फासालाझिनच्या गोळ्या. गुण आला नाही तर मोठे आतडे काढून पोटावर मलासाठी तोंड करावे लागेल, हेही त्यांनी सांगितले. स्टेरॉइडने चेहरा भोपळ्यासारखा सुजला, पण रक्त कमी झाले. ऑपरेशन टळले. आजार गेलेला नाही. अधूनमधून उलटतो, आणि तेव्हा तीच घाण, तीच किळस असते. त्या डॉक्टरांचे मी उपकार मानतो ते औषधापेक्षा "नाही" या उत्तरासाठी. तुमच्या घरी असे कोणी असेल तर तपासणी आधी करा. ताट वेगळे काढायची घाई नको.

घरी पोचलो तेव्हा मायने सवयीने तांब्या उंच धरला.

"टेकव वो," बाबा म्हणाले. "नाई लागत मनलं डॉक्टरनं."

"खरंच नाई लागत?"

"हौ. तुले का मी खोटं सांगून राह्यलो?"

मायने माझ्याकडे पाहिले, मग बाबांकडे. तांब्या हळूहळू खाली आला आणि गिलासाच्या काठाला लागून वाजला. मी अर्धे पाणी प्यालो आणि गिलास खाली ठेवला. तिने तो उचलला, उरलेले पाणी तोंड लावून प्याली आणि तोंड वाकडे केले.

"गोळ्याईचा वास येते, बाबू," ती म्हणाली, आणि गिलास घरच्या सगळ्या भांड्यांबरोबर घासायला घेऊन गेली.