धाकट्या जावेची ओंजळ

धाकट्या जावेचा माहेरून फोन आला. "अक्का, आमच्या गावचं सांडपाणी आता शुद्ध करूनच नदीत सोडत्यात की!"

ती नवी नवरी असताना तिच्या माहेरी आम्ही दोघींनी पंचगंगेची ओटी भरलेली. पाण्यातून तळची वाळू दिसत होती. नारळ सोडून ती ओंजळभर पाणी घटाघटा प्यायली. कोपरावरून ओघळ हिरव्या चुड्यात शिरले. "प्या की अक्का, गोड हाय!"

"तहान न्हाय मला," मी म्हटलं. माझं माहेर कोल्हापूरच्या खालच्या अंगाला, नाल्याची घाण मिसळलेल्या नदीकाठी. तिथं ओटी भरली की आई आमचे हात बोअरच्या पाण्यानं धुवायची.

पुढं तिच्याकडंही नाला नदीत आला, तेव्हा वाटलेलं, चला, आता दोघी सारख्याच.

माझ्या माहेरचा नाला अजून तसाच वाहतोय. पुन्हा तिचीच ओंजळ आधी भरणार.