आमचा पोर्तुगीज पूर्वज

आम्ही वसईचे. आडनावावरून मी ठरवूनच टाकलं होतं, की आपला मूळ पुरुष पहिल्या गलबतातून उतरलेला पोर्तुगीज सरदार असणार. चर्चच्या जुन्या नोंदी मिळवून मी वंशवृक्ष काढला. मधल्या सात पिढ्या सापडल्या नाहीत, तिथे ठिपके दिले.

मी नोकरीला शारजात; तिथे अल नहदा भागातल्या आमच्या इमारतीत एक बांगलादेशी वॉचमन होता. सावळा, किडकिडीत, कुणाचंही सामान उचलण्याआधी तळवे पँटला पुसायचा. मी वंशवृक्ष फ्रेम करून आणला, तेव्हा लिफ्टपर्यंत त्यानेच धरला. मला राहवलं नाही. सगळ्यात वरच्या नावावर बोट ठेवून म्हटलं, "ये मेरा पुरखा. पोर्तुगाल से आया था."

त्याने ते नाव सावकाश वाचलं आणि खिशातून स्वतःचं ओळखपत्र काढलं. आडनाव तेच!

"आप भी पोर्तुगीज?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तो संकोचून हसला. "नहीं सर. हमारे गाँव में सब का यही नाम है. पुराने टाइम में पादरी ने बाप्तिस्मा दिया, साथ में अपना नाम भी दे दिया. आपके उधर भी कोई पादरी आया होगा."

लिफ्टच्या आरशात मी माझं सरदारी नाक निरखलं. ते हुबेहूब आमच्या केळी विकणाऱ्या आजोबांचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो मला 'दादा' म्हणू लागला. बंगालीतही दादा म्हणजे थोरला भाऊच. आधी राग यायचा, मग सवय झाली. परवा त्याची बदली झाली. नवा वॉचमन अदबीने 'सर' म्हणतो आणि मला घरातलं कुणी गेल्यासारखं वाटतं.